तांब्याच्या पोटाचे विमान

बोईसरला आमच्या सोसायटीत सकाळ होते ती पाण्याच्या मोटारीच्या आवाजाने. मोटार सुरू झाली की मी उठतो, बादल्या भरतो, दाराच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी आत घेतो आणि चहाचे आधण ठेवून, आज पूर्वेची खिडकी उघडावी की पश्चिमेची, याचा निर्णय कारखान्यांचा वास कोणीकडून येतो ते पाहून करतो. खाली कंपन्यांच्या बसगाड्या येऊन थांबतात. रात्रपाळीची माणसे उतरतात, सकाळपाळीची चढतात आणि दोन्ही गट एकमेकांकडे सारख्याच सहानुभूतीने पाहतात. माझी पत्नी मेघाली या वेळी पोळ्या लाटत असते. चहा झाला की मी खाली जाऊन स्कूटरच्या टाकीचे झाकण उघडतो आणि आत डोकावतो, कारण पेट्रोल दाखवणारा काटा बंद पडलेला आहे. पालघरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस स्वतःच्या स्कूटरचा काटा दुरुस्त का करीत नाही, असे शेजारी विचारतात. या प्रश्नाला उत्तर आहे. ते मला अद्याप सापडलेले नाही, एवढेच.

त्या दिवशी मी टाकीत डोकावलेला असतानाच फोन वाजला. घिवलीहून माझे सासरे, धर्माजी. फोनवर बोलताना ते लाटांच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे बोलतात.

“जावयबापू, इमान तयार हाय! फकस्त कान बसवायचा ऱ्हायलाय. तो तुमी आना!”

धर्माजींनी जन्मभर लाकडी होड्या बांधल्या. आता किनाऱ्यावर साच्यातून काढलेल्या फायबरच्या होड्या येतात आणि धर्माजींना हाक मारायला कोणी येत नाही. अशा रिकाम्या काळात एकदा ते आमच्याकडे आले असताना शेजारच्या भावेशने त्यांच्या हातात एक रिमोट दिला. त्याच्या कंपनीतला कोणी हौशी अभियंता बदली होऊन जाताना तो टाकून गेला होता. त्याचे विमान केव्हाच मोडले होते. धर्माजींनी तो रिमोट उलटसुलट करून पाहिला, त्याच्या दोन दांड्या हलवून पाहिल्या आणि म्हणाले, “याला इमान पायजे.” नाल सापडली म्हणून घोडा घेणारी माणसे असतात, हे मी ऐकून होतो. घोडा घडवायला बसणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

रविवारी आम्ही घिवलीला गेलो. माडाखाली दोन पाटांवर ते विमान ठेवलेले होते. अंग हलक्या पांगाऱ्याच्या लाकडाचे. फळ्यांचे सांधे होडीसारखे कापूस आणि राळ भरून बुजवलेले. पंखांवर जुन्या शिडाचे कापड इतके ताठ बसवले होते की टिचकी मारली तर ते वाजे. मोटार, पंखा, बॅटरी या गोष्टी भावेशने मागवून दिल्या होत्या. पण त्या जागी बसवताना धर्माजींनी प्रत्येकीभोवती असे खाचकाम केले होते, की मोटार विमानासाठी नसून विमान त्या मोटारीसाठी जन्माला आले आहे असे वाटावे. पोटात एक कप्पा, त्याला घट्ट बसणारे झाकण. आणि कप्प्याला व झाकणाला आतून सगळीकडून केसाइतका पातळ तांब्याचा पत्रा. तो असा घासलेला होता की मी त्यात पाहून केस नीट केले.

“बाबा, हे तांबं कशाला?”

“कीड लागाय नको.”

“पण लाकडाची समुद्री कीड विमानाला कशी लागेल?”

“समुद्रावर उडनार ना? मंग कदी तरी बसंलच की पान्यावर.”

यावर युक्तिवाद नव्हता. विमानाच्या नाकाशी, होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, लिहितात तसे, लाल रंगात ठसठशीत नाव होते : रखमा.

माझ्या सासूबाई, म्हणजे खुद्द रखमा, पलीकडे मासळी वाळवायच्या वलांडीच्या बांबूंवर बोंबील टांगत होत्या. त्यांनी मान न वळवता म्हटले, “जन्मभर लोकांच्या होड्या बांदल्या, येकीवर माजं नाव नाय. आता उडून आपटनारं केलं, तर त्याच्यावर माजं नाव!”

“लोकांच्या होडीवर तुजं नाव लिवलं असतं तर मालकीन भांडाय आली असती,” धर्माजी म्हणाले. “ही माजी सोताची हाय.”

“आनि गावासमोर माजं नाव नाकावर पडलं, मंग कोन भांडंल?”

“तू हायेस ना.”

मग ते माझ्याकडे वळले आणि आवाज जरा खाली आणून म्हणाले, “बापू, बांदलेली वस्तू दारातच ऱ्हायली तर ती होडी नाय, सरपन. माज्या हातची येक बी दारात नाय ऱ्हायली. ही बी ऱ्हाता कामा नये.”

मी विमानाच्या पोटावर हात ठेवून म्हणालो, “रिसीव्हरच बसवायचा ना? सोपं आहे.”

‘सोपं आहे’ हे शब्द शिक्षकाने फळ्यापाशी उभे राहून म्हणावेत. फळ्याबाहेर त्यांचा उपयोग करू नये.

रिसीव्हर म्हणजे धर्माजी म्हणतात तसा विमानाचा कान. जमिनीवरचा रिमोट सांगतो ते तो ऐकतो आणि मोटारीला व शेपटीच्या पट्ट्यांना कळवतो. असा कान निवडायला मी शास्त्रशुद्ध पद्धतीने बसलो. वजने, अंतरे, तारांच्या लांब्या यांची तुलना करीत असताना भावेश चहाच्या वेळी आला. भावेश आमच्या समोरच्या दारात राहतो आणि कोणत्याही विषयावर सल्ला देण्यापूर्वी पायांतल्या चपला काढतो, इतका तो सुसंस्कृत आहे.

“सर, नामांकित कंपनीचा घ्या. म्हणजे चुकलं तर कंपनी चुकली म्हणता येतं. साधा घेतला तर आपण चुकलो म्हणतात.”

मी नामांकित कंपनीचा घेतला. त्याचा दिवा तांबडाच राहिला. प्रत्येक कंपनीची रेडिओची भाषा वेगळी असते आणि आमचा रिमोट दुसऱ्या कंपनीचा होता. पहिली चूक माझी ठरली, तरी भावेशने चपला घालताना कंपनीलाच दोष दिला. शेजारधर्म म्हणतात तो हा.

दुसरा रिसीव्हर रिमोटच्या भाषेतला होता. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याला जोडलेली पट्टी डावी-उजवी हलली तेव्हा मेघालीने टाळ्या वाजवल्या. घिवलीला जाऊन मी तो विमानाच्या पोटात बसवला, झाकण लावले आणि रिमोट हातात घेऊन मागे चालत गेलो. मेघाली विमानाजवळ बसून शेपटीकडे पाहत होती. विहिरीपाशी पोहोचलो आणि तिने हात हलवला : बंद.

मी निष्कर्ष काढला की हा कान बागेत खेळण्यापुरता आहे. समुद्रासाठी दूरचे ऐकणारा हवा. तिसरा आणला. त्याला दोन बारीक तारा होत्या. त्या एकमेकींशी काटकोनात ठेवल्या की विमान कसेही वळले तरी एक तरी तार ऐकते. रचना अत्यंत बुद्धिमान होती. विहिरीपाशी तीही बंद पडली. मग चौथा, थेट क्षितिजापर्यंत ऐकू येण्याची हमी देणारा. हा विहिरीच्या दोन पावले पुढे बंद पडला. एव्हाना आमच्या सोसायटीचा रखवालदार मला पाहताच उठून उभा राहू लागला होता. “सर, फिर पार्सल आया है आपका. घर में शादी है क्या?” आणि घिवलीच्या विहिरीवरच्या बायका तर मी रिमोट घेऊन निघालो की कळश्या भरायच्या थांबत. “आलं बग जावय. आता हितपरयंत येनार आनि तोंड पाडून परत जानार.” ही भविष्यवाणी दर रविवारी खरी ठरत होती. माझ्या कोणत्याही व्याख्यानाला इतक्या एकाग्र श्रोत्या लाभलेल्या नाहीत.

दरम्यान परवानगीचा प्रश्न उभा राहिला. अणुवीज केंद्राच्या शेजारी काहीही उडवू नये हे घिवलीत मुलांनाही ठाऊक असते. पण लांब कोठे उडवावे, हे मी कायदा पाळणारा नागरिक म्हणून चौकीत विचारायला गेलो. तेथील हवालदारांनी मला बसायला खुर्ची दिली.

“काय उडवायचंय?”

“विमान.”

त्यांचे पेन थांबले. “किती माणसं बसतात?”

“एकही नाही.”

“मग चालवणारा?”

“तो खाली उभा असतो.”

त्यांनी विचार केला. “म्हणजे ड्रोन.”

“नाही. ड्रोनला चार पंखे असतात. याला पंख आहेत. त्यामागचं तत्त्व असं की—”

“सर,” ते अतिशय सौजन्याने म्हणाले, “ड्रोन म्हणालात तर मला लगेच ‘इथे नाही’ म्हणता येतं. विमान म्हणालात तर मला वर विचारावं लागतं. वरचे आणखी वर विचारतील. काय लिहू?”

मी तत्त्वाचा त्याग करून ड्रोन म्हणालो. त्यांनी ‘इथे नाही’ म्हटले, आणि शिरगावचा किनारा सुचवून तिकडच्या चौकीला आणि ग्रामपंचायतीला विचारायला सांगितले. तिकडेही मी गेलो. पुन्हा एकदा तत्त्व सांगितले, पुन्हा ते सोडले आणि भरल्या किनाऱ्यावर नको, माणसांच्या डोक्यावरून नको, एवढ्या अटींवर होकार मिळाला. म्हणजे आकाश मिळाले. कान तेवढा नव्हता.

अशा वेळी भावेशला काचेची पेटी सुचली.

“सर, उडवायचंच कशाला? एवढी कलाकुसर! काचेची मोठी पेटी करू. आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवू. खाली पितळी पाटी : ‘श्री. धर्माजी यांनी साकारलेले विमान’. काचवाला माझा माणूस आहे.”

पेटीचे माप त्याने त्याच संध्याकाळी दिलेसुद्धा. सासूबाईंना ही कल्पना फार आवडली. “काचंत नाव सुखानं ऱ्हाईल,” त्या म्हणाल्या. “ना वारा लागनार, ना लोकांची तोंडं.” गावातल्या शहाण्यांनीही माना डोलावल्या. धर्माजींनी एक गोणपाट आणले, विमानावर घातले आणि ते चटईवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा मला तो कानाशी दाबून धरावा लागला, इतका त्यांचा आवाज बारीक होता.

“बापू, ऱ्हाऊ द्या. नायच आयकत तर नाय आयकत. तुमी लय केलं.”

‘तुमी लय केलं’ हे वाक्य मला विहिरीवरच्या सगळ्या हशापेक्षा लागले.

त्याच आठवड्यात मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला पोकळ धातूच्या वस्तूविषयी शिकवत होतो. हा भाग मी दर वर्षी शिकवतो. फळ्यावर एक पेटी काढली, बाहेरून येणाऱ्या लहरींचे बाण काढले आणि म्हणालो, “आता ही पेटी सर्व बाजूंनी धातूच्या पत्र्याने बंद असेल, समजा तांब्याच्या, तर बाहेरची रेडिओलहर आत—”

येथे मी थांबलो. पहिल्या बाकावरच्या रुचिताने विचारले, “सर, आत काय?”

“आत,” मी म्हणालो, “माणसाला स्वतःचा चेहरा दिसतो.”

हे तिने वहीत उतरवून घेतले असावे, अशी मला भीती आहे.

स्कूटरवरून घरी येताना मी दोन मार्गांचा विचार केला. एक सोपा होता. रिसीव्हर मिळत नाही म्हणून सांगायचे. पेटी तयार होतच होती, सासूबाई खूश होत्या, भावेश खूश होता, आणि ज्या तांब्यात पाहून मी केस नीट केले, त्यानेच लहरी अडवून मला सहा आठवडे फसवले हे कोणालाही कळले नसते. दुसऱ्या मार्गाने गेलो तर होडी बांधणाऱ्या माणसाला जे कोणी कधी सांगत नाही, ते मला सांगावे लागणार होते.

मी घिवलीला गेलो. धर्माजींनी गोणपाट काढले नाही.

“बाबा, कान चांगला आहे. चारांपैकी तीन चांगले होते. तो तांब्याच्या डब्यात कोंडला गेलाय. आई हंड्यात डोकं घालून बसल्या, तर तुमची हाक त्यांना ऐकू जाईल का?”

“भाहेर असली तरी कुटं आयकते!”

“तुमी हाक मारता की बोंब ठोकता?” वलांडीकडून उत्तर आले.

“पत्रा काडनार नाय,” धर्माजी म्हणाले.

“काढू नका. वरच्या बाजूनं दोन भोकं पाडा. कानाच्या दोन तारा तेवढ्या बाहेर येऊ देत.”

सासूबाईंचे हात थांबले. बांबूवरचा बोंबील तसाच अर्धवट लोंबत राहिला.

“भोक?” धर्माजी म्हणाले.

“दोन.”

“माज्या होडीला?”

“विमानाला, बाबा.”

“भोक ते भोक.” ते माझ्याकडे वळले. “हे तुमाला कदी कळलं?”

“परवा. वर्गात शिकवताना.”

“आनि तांबं कदी बगितलंत?”

“पहिल्या दिवशी.”

ते हसतील म्हणून मी वाट पाहिली. ते हसले नाहीत. उठले, गोणपाट बाजूला केले आणि पोटाच्या वरच्या फळीवर बोट फिरवत म्हणाले, “होतं असं. मी बी येकदा सुकानू उलटं बसवलं होतं.”

“येकदा?” सासूबाई म्हणाल्या.

भोके त्यांनी स्वतः पाडली. सामता, म्हणजे दोरीने फिरवायचा गिरमिट, धरून, एक हात लाकडावर ठेवून, आजारी जनावराला टोचावे तशी. कडेला पितळेची बारीक कडी बसवली, राळ भरली, आणि तिसऱ्या रिसीव्हरच्या दोन तारा काटकोनात बाहेर काढल्या. चौथा क्षितिजापर्यंत ऐकणारा होता खरा. पण आम्हांला दृष्टीच्या टप्प्यातच उडवायचे होते आणि तिसरा हलका होता. शिवाय हाक ऐकू आली नाही तर काय करायचे, हे त्याला आधीच शिकवून ठेवता येत होते. मी शिकवले : मोटार बंद कर आणि हळूहळू गोल फिरत खाली ये. मग रिमोट घेऊन मागे चालत गेलो. विहीर आली. विहीर गेली. बायकांनी कळश्या खाली ठेवल्या. माडांची रांग संपली, वाळू संपली, पाण्यात घोट्यापर्यंत उभा राहून मी दांडी हलवली आणि लांबून मेघालीचा ओरडा आला : “हलतंय! अहो, हलतंय!”

शिरगावला आम्ही सासूबाईंच्या मासळीच्या टेंपोतून गेलो. विमान सासूबाईंनी मांडीवर घेतले होते. विरोध होता तरी दुसऱ्या कोणाच्या मांडीवर त्यांना ते नको होते. ओहोटीची वेळ. तिथल्या जुन्या किल्ल्याच्या बाजूला ओली, घट्ट वाळू, माणूसकाणूस नाही.

रिमोट कोणाच्या हातात, हा प्रश्न आधीच सुटला होता. संगणकावर सराव करताना मी आभासी विमाने एकामागून एक मोडली होती, कारण विमान आपल्याकडे येऊ लागले की त्याचे डावे ते आपले उजवे होते. हे मला तत्त्वतः पूर्ण मान्य आहे. अंगठ्यांना मान्य होत नाही. मेघाली मात्र लहानपणापासून किनाऱ्यावर उभी राहून, नाक आपल्याकडे करून येणाऱ्या होड्या पाहत आली आहे. समोरून येणाऱ्याचा डावा हात कोणता, हे तिला विचार करावा लागत नाही.

धर्माजींनी नारळ फोडला, पाणी नाकावर शिंपडले आणि विमान वाळूवर ठेवले. मेघालीने दांडी पुढे केली. विमान धावले, जड होते म्हणून लांब धावले, इतके लांब की मी मनातल्या मनात आकडेमोड सुरू केली आणि तिचा निकाल वाईट येत होता. तेवढ्यात वाळू आणि चाके यांच्यामध्ये उजेड दिसला.

मी उड्डाणाची समीकरणे अनेक वर्षे फळ्यावर लिहिली आहेत. त्यांतल्या एकाही ओळीत असे काही नव्हते. शिडाचे कापड उन्हात पारदर्शक झाले, आतल्या फासळ्या दिसू लागल्या आणि एक होडी हवेतून, जराशी डोलत, किल्ल्याच्या दिशेने निघाली. मेघालीने ती वळवली. ती आमच्याकडे तोंड करून परत आली तेव्हा नाकावरचे लाल नाव वाचता येत होते. सासूबाईंनी डोळे मिटले होते, त्या मिटल्या डोळ्यांनीच विचारत होत्या, “पडलं का? पडलं का?”

“उघड डोळं,” धर्माजी म्हणाले. “तू उडतेस.”

तिसऱ्या फेरीला वारा जमिनीकडून आला, विमान पाण्यावर गेले आणि बॅटरी दमली. मेघालीने नाक सावरले. लाटांच्या पलीकडे ‘रखमा’ पाण्यावर बसली. कोसळली नाही, बसली. मी बुटांसकट पाण्यात धावलो. धर्माजी जागचे हलले नाहीत.

“येईल ती,” ते म्हणाले. “सांदे माजे हायेत.”

ती आली. लाटांनी ती त्यांच्या पायांपर्यंत आणून दिली. एका पंखाचे टोक मोडले होते. त्यांनी वाळूवर बसून झाकण उघडले आणि तांब्याच्या कप्प्यात बोट फिरवले.

“कोरडं हाय. आनि कीड बी नाय लागली.” मग बोट वर करून दाखवले. “हा येक थेंब हाय. तुमच्या भोकातला.”

सासूबाईंनी पदराने नाव पुसले. “भिजलं,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, टेंपोत बसल्यावर, विमान पुन्हा मांडीवर घेत म्हणाल्या, “पंख कदी लावनार नवा?”

धर्माजी आता नव्या पंखासाठी पांगारा शोधत हिंडतात आणि फोनवर पूर्वीसारखे ओरडतात. विमान त्यांच्या ओसरीच्या आढ्याला टांगलेले आहे. दारात नाही, असे ते बजावून सांगतात.

काचेची पेटी मात्र वेळेवर आली. भावेशने ती, विमान येईपर्यंत म्हणून, चार माणसांकडून आमच्या दिवाणखान्यात आणवली आणि पितळी पाटीसुद्धा स्क्रूने पक्की करून दिली. ती रिकामी पेटी पाहत आम्ही काही दिवस जेवलो. भावेश दर दोन दिवसांनी चपला काढून विचारी, “सर, विमान कधी आणताय?” मी म्हणे, “पाहू.”

मग एका पहाटे मेघालीने आणि मी चार माणसे लावून ती भाड्याच्या टेंपोत चढवली आणि चिंचणीच्या बाजारात, सासूबाई मासळी घेऊन बसतात त्या जागी नेऊन ठेवली. त्या आल्या, पेटीभोवती एकदा फिरल्या, काच पदराने पुसली आणि टोपलीतले बोंबील, करदी, जवळा आत मांडू लागल्या. एक माशी काचेवर आपटून परत गेली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले.

पाटी मी घरीच काढून ठेवली होती. तिच्या स्क्रूंची चार भोके काचेखालच्या लाकडात राहिली आहेत. ती बुजवून देऊ का, असे मेघालीने विचारले होते. मी नको म्हटले. सुक्या मासळीला हवा लागते.